दोन मीटरचा नियम

राग माझ्या नाकावर असतो, हे आमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. नवीन कुणी रुजू झालं की पहिल्या दिवशी त्याला प्रिंटर, चहाचं मशीन आणि मृदुलाबेनचा स्वभाव अशा तीन गोष्टी समजावून देतात म्हणे. हे कानावर आलं तेव्हा मी हसले होते. खरं सांगू? मनातून सुखावलेच होते. चौपन्न वर्षांची बाई, तीस वर्षं नद्यांच्या मागे लागलेली, आणि तिला लोक टरकून असतात, म्हणजे काहीतरी कमावलंच की तिने, असं मला वाटायचं.

आमचं काम म्हणजे कॉम्प्युटरवर नदी उभी करायची. पाऊस किती पडला, शेतं कुठे, उतार कसा, नाले कुठून येतात, हे सगळं मॉडेलमध्ये घालायचं आणि विचारायचं की बाई गं, तू वर्षाला किती गाळ आणि शेतातल्या खताचं किती नत्र आखातात नेऊन टाकतेस? नत्र फार झालं की आखाताचं पाणी हिरवं पडतं, मासे गुदमरतात. मॉडेल उत्तर देतं. ते खरं की खोटं, हे ताडून बघायला प्रत्यक्ष खाडीतल्या पाण्याचे नमुने लागतात. नमुने चुकले की मॉडेल अगदी आत्मविश्वासाने थापा मारतं.

म्हणूनच मी वीस वर्षांपूर्वी एक नियम केला. तेव्हा आम्ही वरच्या अंगाच्या एका नदीवर काम करत होतो, आणि एका शहाण्याने घोटाभर पाण्यात बाटली बुडवून तळचा चिखल ढवळून आणला. अख्खा अहवाल बोंबलला. त्या दिवसापासून नियम ठरला : पाण्याची खोली दोन मीटरपेक्षा कमी असेल तर नमुना बाद. नोंदींच्या तक्त्यात तसं सूत्रच घालून ठेवलं. खोली कमी भरली की ती ओळ आपोआप गुलाबी होते आणि हिशेबातून गळते. ऑफिसात त्याला ‘मृदुलाबेनचा नियम’ म्हणतात.

यंदाचं काम मही नदीच्या खाडीचं होतं, बडोद्याजवळच्या पादऱ्याच्या पुढे, जिथे एक मोठा नाला खाडीला मिळतो. एका औद्योगिक वसाहतीला त्या नाल्यात आणखी पाणी सोडायचं होतं, प्रक्रिया केलेलं. त्याआधी खाडीत तेवढा वाव आहे का, हे आम्ही सांगायचं. तीन वर्षांचे नमुने होते. मॉडेलचं उत्तर स्पष्ट होतं : गाळ भरपूर, तो वरून येतो, नत्र अगदीच कमी, तेव्हा वाव आहे. मी अहवाल लिहायला घेतला.

त्याच आठवड्यात अबोली माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

अबोली आमच्याकडे दहा महिन्यांपासून होती, प्रोबेशनवर. प्रतापनगरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली. वडील वर्कशॉपमध्ये होते, ते चार वर्षांपूर्वी गेले. आईची नजर अधू, म्हणून ही बडोदा सोडून कुठे जाऊ शकत नव्हती, आणि बडोद्यात हे काम करणारं दुसरं ऑफिस नाही. हुशार पोरगी. मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण माझ्या मागे माझी खुर्ची हिनेच सांभाळावी असं माझ्या मनात होतं. मीच तिला मॅडम नको, ताई म्हण, असं सांगितलं होतं. असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

‘‘ताई, जरा बघता का?’’ तिने एक कागद पुढे केला. ‘‘मी सगळ्या बाटल्या धरून मॉडेल चालवलं.’’

‘‘सगळ्या म्हणजे?’’

‘‘गुलाबी ओळीसुद्धा. लॅबने त्या तपासलेल्या आहेतच. त्या धरल्या तर गाळ निम्म्याहून कमी होतो आणि नत्र अडीचपट येतं.’’

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. अहवाल चार दिवसांवर आलेला आणि ही बया बाद केलेले नमुने उकरून काढते आहे!

‘‘दहा महिने काय शिकवलं मी तुला? कमी पाण्यातला नमुना म्हणजे तळचा चिखल. तो धरून तू आलेख काढलास, वर त्याला रंग दिलेस आणि मला दाखवायला आणलास?’’

‘‘पण चिखल आला असता तर गाळ वाढला असता ना? इथे तो कमी...’’

‘‘मला शिकवतेस?’’

आजूबाजूला सात-आठ जण बसलेले होते. सगळ्यांची बोटं कीबोर्डवर थांबली. अबोलीचा चेहरा पांढराफटक पडला, तरी ती हलली नाही.

‘‘ताई, एकदा ओहोटीच्या वेळी तिकडे चला ना. फक्त एकदा.’’

‘‘तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी नद्या बघते आहे,’’ मी म्हणाले. ‘‘तू मला खाडी दाखवणार? जा, तक्ता होता तसा कर.’’

माझ्या जिभेला हाड नाही हे मला मान्य आहे. पण तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. त्याच दिवशी, सोमवारी, तिच्या प्रोबेशनचा फॉर्म माझ्यापुढे आला. शुक्रवारच्या बैठकीत ठरणार होतं, कायम करायचं की नाही. राग अजून उतरला नव्हता. मी लिहिलं : ‘बेफिकीर. ठरलेली पद्धत पाळत नाही. कायम करू नये.’ खाली सही ठोकली आणि फॉर्म आमच्या साहेबांच्या, रणवीरभाईंच्या टेबलावर पाठवून दिला. दुपारी डबा खाताना जरा चुटपुट लागली, पण शिस्त म्हणजे शिस्त, असं म्हणून मी भाजी संपवली.

बुधवारी मी खाडीवर गेले. का, तर अहवालाला चार फोटो हवे होते. आमची एक रीत आहे. पाहुणे असोत, साहेब असोत की मी, खाडीवर जायचं ते भरतीलाच. तेव्हा पाणी काठोकाठ असतं, होडी फिरते, फोटो झकास येतात. ओहोटीला तिथे नुसता मांडीभर चिखल, बूट खराब करायला कोण जाणार? तीन वर्षांत मी पाचदा गेले होते आणि पाचही वेळा भरतीला.

त्या दिवशी दहाची भरती गाठायची होती. पादऱ्याच्या अलीकडे जीपचं टायर फुटलं. ड्रायव्हरने स्टेपनी काढली तर तीही बसलेली. माझ्या तोंडून काय काय निघालं ते इथे सांगत नाही. पादऱ्यात दुकान शोधून, दोन्ही टायर दुरुस्त करून निघेपर्यंत तीन वाजून गेले. परत फिरावं असंच वाटत होतं, पण गणपतराव वाट बघत होते.

गणपतराव म्हणजे आमचे नमुने भरणारे. रेल्वेतून निवृत्त झालेले, सहासष्ट वर्षांचे, प्रतापनगरहून स्कूटरवर जातात. आठवड्यातून दोन दिवस, दिवसाला दोनदा, भरतीला एक आणि ओहोटीला एक बाटली. मी पोचले तेव्हा ते पँट मांडीपर्यंत दुमडून काठावर उभे होते.

मी जीपमधून उतरले आणि म्हणाले, ‘‘अहो, पाणी कुठे गेलं?’’

‘‘समुद्रात,’’ गणपतराव म्हणाले. ‘‘रोजच जातं की, मृदुलाबेन.’’

मी पुढे गेले. जिथे मी होडीतून फिरले होते तिथे चिखलाचं मैदान पडलं होतं. मधून गुडघाभर खोलीची धार वाहत होती. धार नितळ होती, म्हणजे गाळ नव्हता तिच्यात, पण रंगाने हिरवट, आणि कडेला साबणासारखा फेस. वास असा की मी पदर नाकाला लावला. ती धार नाल्यातून येत होती आणि सरळ आखाताच्या दिशेने चालली होती. आणि भरतीला इथे काय असतं? समुद्राचं गढूळ, खारं पाणी, आत घुसून आलेलं. ते नाल्याच्या घाणीला पातळ करतं, आपलाच गाळ आत आणतं आणि सहा तासांनी परत नेतं. पुराचे चार दिवस सोडले तर इथे दोन मीटर खोली फक्त भरतीला होते. म्हणजे माझ्या नियमाने तीन वर्षं, न चुकता, नदीचं पाणी बाजूला काढून फेकलं होतं आणि समुद्राचं पाणी नदी म्हणून मोजलं होतं.

शाळेतल्या पोराला कळावं अशी गोष्ट. वरच्या नदीत भरती-ओहोटी नसते, इथे असते. एवढंच. आणि हे मला, मला कळलं नाही!

‘‘हीच बाटली बाद होते म्हणे तुमच्याकडे,’’ गणपतराव चिखलात उतरत म्हणाले. ‘‘त्या अबोलीबेननी सांगितलं. रविवारी आल्या होत्या इथे, स्वतःहून, बसने. माझ्याबरोबर चिखलात उतरल्या. पाय अडकला, पडल्या बिचाऱ्या, सगळे कपडे माखले. पण धारेची खोली मोजल्याशिवाय वर आल्या नाहीत. मी म्हटलं, हे मृदुलाबेनना सांगा. तर म्हणाल्या, धीर होत नाही, काका.’’

फोटो काढायचेही विसरले. परत येताना वाटभर एकच गोष्ट डोक्यात फिरत होती : शुक्रवार. परवा त्या फॉर्मवर शिक्का बसणार आणि त्या मुलीची वाट बंद होणार, आणि तिचा गुन्हा काय, तर ती बरोबर होती.

गुरुवारी सकाळी रणवीरभाई यायच्या आधीच मी त्यांच्या केबिनबाहेर बसले. ते गुजरातीत बोलतात, मी इथे मराठीत सांगते. माणूस शांत, कधी आवाज चढवणार नाही. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

‘‘मृदुलाबेन, अहवालात एक ओळ घालू. ‘ओहोटीच्या नमुन्यांचा पुढे अभ्यास व्हावा.’ झालं.’’

‘‘एक ओळ कशी? उत्तरच उलटं आहे. वाव नाहीये तिथे.’’

‘‘हे बघा,’’ ते म्हणाले, ‘‘हा नियम आपण आधी तीन खाड्यांना लावला आहे. इथे चुकला म्हणालात तर लोक विचारतील, तिथे? तुमचं नाव आहे त्या तिन्हींवर.’’ मग अगदी मायेने म्हणाले, ‘‘अबोली तरुण आहे. तिला कुठेही काम मिळेल. तुमची सहा वर्षं राहिली आहेत. नीट जाऊ द्या.’’

आणि मी गप्प बसले. हे लिहिताना लाज वाटते, पण बसले. ‘बघते’ म्हणून बाहेर आले. दिवसभर अबोलीच्या टेबलावरून गेले नाही, पलीकडून वळसा घालून पाणी प्यायला गेले. तिला फॉर्मचं काही माहीत नव्हतं. संध्याकाळी जाताना तिने नेहमीसारखं विचारलं, ‘‘ताई, निघू का?’’ मी मान हलवली.

घरी नवऱ्याला, मुकुंदला सांगितलं. तो म्हणाला, ‘‘उद्या नेहमीसारखी चिड. फक्त या वेळी बरोबर माणसावर.’’ त्याला वाटलं मी हसेन. मी नाही हसले.

शुक्रवारी बैठकीत वसाहतीची दोन माणसं आली होती, आमचे सगळे होते, अबोली भिंतीकडच्या खुर्चीत वही घेऊन बसली होती. रणवीरभाईंनी आलेख दाखवले. शेवटी म्हणाले, ‘‘मृदुलाबेनना काही सांगायचं नसेलच.’’

‘‘आहे,’’ मी म्हणाले. आवाज चिरका निघाला. ‘‘हे आलेख चुकीचे आहेत. चूक माझी आहे. दोन मीटरचा नियम खाडीला लागू होत नाही, आणि तो मी लावला. नाल्याचं नत्र आपण धरलंच नाही. आणखी पाणी सोडायला तिथे वाव नाही. अबोलीने हे मला दाखवलं होतं आणि मी तिला सगळ्यांसमोर ओरडले होते. तेव्हा हेही सगळ्यांसमोरच सांगते. तिच्या फॉर्मवर मी जे लिहिलं आहे ते खोटं आहे. ते मी आत्ता फाडणार आहे.’’

वसाहतीची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. रणवीरभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पुढचा तासभर जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही; आवाज बराच चढला, त्यातला निम्मा माझा होता. पण अहवाल थांबला. नवा फॉर्म मी तिथेच लिहिला. अबोली कायम झाली.

मला वाटलं, सुटले. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. मांडवीच्या बाजारातून पेढे आणवले, तिच्या टेबलावर ठेवले आणि म्हटलं, ‘‘चल, आता दोघी मिळून मॉडेल पहिल्यापासून उभं करू.’’

तिने पेढा घेतला. हातातच ठेवला.

‘‘ताई, मी लॅबच्या विभागात बदली मागितली आहे. रणवीरभाई हो म्हणाले.’’

‘‘का गं? मी माफी मागितली ना?’’

‘‘मागितलीत. इतक्या लोकांत मागितलीत, ते मी विसरणार नाही.’’ तिचे डोळे भरून आले होते, पण ती थांबली नाही. ‘‘पण तो कागद तुमच्यापुढे ठेवायला मला सतरा दिवस लागले, ताई. रोज ठरवून यायची, आणि तुमचा आवाज ऐकला की कागद खणात परत ठेवायची. पुढच्या वेळी मला तेवढा धीर होईल असं वाटत नाही. मग मी गप्प बसेन. मला तसं व्हायचं नाहीये.’’

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, ‘‘आजवर तर कुणी असं म्हणालं नाही मला.’’

अबोलीने खाली बघितलं. मग कॉम्प्युटरवर जुनी फाइल उघडली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. ‘‘माझ्या आधी एकाने विचारलं होतं. मला हे सापडलं म्हणून तर जास्त भीती वाटली.’’

सहा वर्षांपूर्वीची मेल होती, दुसऱ्या एका खाडीच्या कामातली. यशराज नावाचा एक मुलगा तेव्हा माझ्या हाताखाली होता. वर्षभर राहिला आणि गेला, एवढंच मला आठवत होतं. त्याने दोनच ओळी लिहिल्या होत्या : ‘मॅडम, ओहोटीचे सगळे नमुने बाद होत आहेत. हे बरोबर आहे का?’ खाली माझं उत्तर. ‘नियम वाच.’

त्या खाडीवर आम्ही ‘वाव आहे’ असं लिहून दिलं होतं. तिथे सांडपाण्याचा पाइप पडला, आणि तेव्हापासून तो वाहतो आहे.

यशराजचा नंबर शोधायला अर्धा दिवस गेला. तो आता चेन्नईला असतो. मी नाव सांगताच तो खुर्चीतून उठून उभा राहिला असावा, तसा आवाज आला.

‘‘बोला ना मॅडम. माझं काही चुकलं होतं का?’’

‘‘नाही रे. माझं चुकलं होतं,’’ मी म्हणाले. ‘‘तू ओहोटीच्या नमुन्यांबद्दल विचारलं होतंस, आठवतं?’’

‘‘हो. पण तुम्ही म्हणालात म्हणजे तेच बरोबर असणार, असं धरलं मी. नंतर तशा कामात गेलोच नाही. म्हटलं, आपल्याला त्यातलं कळत नाही.’’

तरी विचारलं, कारण विचारायलाच हवं होतं. पाइप पडण्याआधी ओहोटीचं पाणी कसं होतं, हे कळलं तरच आज त्याने काय बिघडवलं ते दाखवता येणार होतं. तक्त्यात त्या ओळी गुलाबी आणि रिकाम्या होत्या, लॅबच्या वहीत आकडे नव्हते. ‘‘यशराज, त्या बाद झालेल्या बाटल्या लॅबला गेल्याच नव्हत्या का? कुठे असतील त्या?’’



‘‘तुम्ही म्हणाला होतात, कपाटात जागा अडवून ठेवू नकोस,’’ तो म्हणाला. ‘‘मी मोरीत ओतल्या, मॅडम. अठ्ठ्याऐंशी होत्या.’’